पहिला इंच नसलेली मोजपट्टी

मी शिंप्याच्या गळ्यातली मोजपट्टी बोलतेय. पुढे जे सांगणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे. शपथेवर सांगते, एका इंचाचाही फरक नाही. तसा माझ्यात एका इंचाचा फरक आहेच म्हणा. पण तो अंगात आहे, बोलण्यात नाही. बोलण्यात असलाच तर अर्धा.

जन्मले तेव्हा मी पुरती साठ इंच होते. पिवळीधमक, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. पुढे वापरून वापरून एक टोपी गळाली, धागे सुटले आणि एका दुपारी शिंप्याने कात्री घेऊन माझा पहिला इंच सरळ कापून टाकला. नवी पट्टी आणायला काय झालं होतं? पण त्याचा हात माझ्यावर बसला होता. तेव्हापासून तो माझ्यावरचा आकडा वाचतो आणि मनातल्या मनात एक वजा करतो. माझं तुटकं टोक कायम त्याच्या अंगठ्याखाली. गिऱ्हाइकाला पत्ता नाही, घरात बायकोलाही नाही. तुटक्या पट्टीचा शिंपी म्हणून नाव झालं तर दुकानात चिटपाखरू फिरकणार नाही, ही त्याची भीती.

माणसं मोठी गमतीची. उंची देताना टाचा उचलतात, कंबर देताना श्वास ओढतात. नऊ वर्षं शिंपी आणि मी दोघंही हे बघून गप्प बसलो. आमचं तरी कुठे सरळ होतं?

त्या हिवाळ्यात शिंप्याची थोरली बहीण राहायला आली आणि तिने थीम पार्कचं टुमणं लावलं. शिंप्याची मुलगी आठ वर्षांची. तिला एकच गाडी हवी होती, उंच रुळांवर चढून धाडकन खाली झेपावणारी. महिनाभर जेवताना दुसरा विषय नव्हता.

शेवटी शिंपी, त्याची बायको, मुलगी आणि तिची आत्या असे सगळे पार्कात पोचले. थंडी अशी, की बोलणाऱ्याच्या तोंडून धूर निघत होता. आत्या कुडकुडायला लागली तसा शिंप्याने अंगातला कोट काढून तिला दिला आणि स्वतः चहा आणायला गेला. मी कोटाच्या खिशात होते. सुट्टीच्या दिवशीही तो मला घरी ठेवत नसे.

गाडीच्या दाराशी सूचना होती, चार फुटांखालच्या मुलांना बसता येणार नाही. उंची बघायचा खांब वाऱ्याने आडवा झाला होता. गाडीवाल्याने मुलीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"टोपी काढ बघू. हं. काठावर आहे. नको, बाई."

"काठावर म्हणजे काय?" आत्याने खिशातून मला ओढलं. "ही शिंप्याची पट्टी आहे. हिच्यापुढे तुमचा खांब काय सांगणार?"

मुलीने बूट काढले. मोज्यांनिशी गार फरशीवर उभी राहिली, पाय आखडून. आत्याने माझं तुटकं टोक तिच्या टाचेशी टेकवलं. मी जिवाच्या आकांताने वळवळले. इशारा द्यायला दोनदा आत्याच्या बोटांतून निसटले. तिने दोन्ही वेळा मला ताणून धरलं.

"अठ्ठेचाळीस. घ्या, बघा तुम्हीच."

गाडीवाल्याने पाहिलं. चार फूट, केसभरही कमी नाही. मुलगी बूट अर्धवट घालूनच आत पळाली, मागोमाग तिची आई. दोघींच्या मांडीवर एकच आडवा दांडा खाली आला. तो आईच्या मांडीवर टेकला. मुलीच्या बाजूला चार बोटं फट राहिली.

गाडी कटकट करत चढाला लागली तेव्हा शिंपी चहा घेऊन आला.

"पोर कुठाय?"

"ती काय, वर. अडवत होता मेला, मी तुझ्याच पट्टीने माप घेऊन दाखवलं."

"किती भरलं?"

"बरोब्बर अठ्ठेचाळीस."

शिंप्याने तिच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं. "टोकापासून?"

"मग काय मधूनच?"

तो पेले तिथेच टाकून धावला. "गाडी थांबवा."

"अशी नाही थांबत," गाडीवाला म्हणाला. "लाल बटण दाबलं तर सगळ्यांना जिन्याने उतरवावं लागतं. वरच्यांना कारण काय सांगू? माप तुमच्याच पट्टीचं आहे."

वर कटकट चालूच होती. रांगेत शिंप्याच्याच गल्लीतले दोघे उभे होते, त्यानेच शिवलेले कोट घालून. शिंप्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वर. मग आत्याच्या हातातून मला हिसकावून टोक गाडीवाल्याच्या नाकासमोर धरलं.

"ही पट्टी खोटी आहे. पहिला इंच नाहीच हिला. नऊ वर्षं मी लपवलंय. पोर सत्तेचाळीस इंच आहे. दाबा बटण."

गाडीवाल्याने टोक पाहिलं. तिथे एकचा आकडाही धड उरला नव्हता. त्याने बटण दाबलं.

कटकट थांबली. चढ संपायला गाडीभर अंतर होतं.

खाली मात्र कुजबुज सुरू झाली. "तरीच माझं बटण लागत नाही," गल्लीतला एकजण म्हणाला.

"एक वजा करूनच शिवतो मी," शिंपी वर बघत म्हणाला. "पोट तुमचं वाढलंय."

पंधरा मिनिटांनी मायलेकी गारठलेला कठडा धरत जिन्याने उतरल्या. मुलीचं नाक लाल, डोळे भरलेले.

"बाबा, मी एक इंच कमी झाले?"

"नाही गं. तू आहेस तेवढीच आहेस." त्याने खाली बसून तिच्या बुटाचे बंद बांधले. गाठ तीनदा सुटली.

आता दुकानात नवी पट्टी आहे. गिऱ्हाईक तुटलं नाही, उलट आता माप देताना पोट सोडून उभं राहतं. मी मुलीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. दर वाढदिवसाला ती मला चौकटीला लावते आणि मोठ्याने म्हणते, "वजा एक."

जाता जाता कबूल करते. इशारा द्यायला निसटले, वळवळले, ते सगळं रचलेलं. आत्याची बोटं गारठली होती म्हणून मी निसटले, बस. मला सगळं कळत होतं. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझं टोक अंगठ्याखाली न लपवता, मला पुरती समजून जमिनीला टेकवलं होतं. मी ताठ उभी राहिले आणि गप्प बसले.

बाकीचं खरं आहे. विश्वास ठेवा. फक्त एक वजा करून.