गालाला नंबर नसतो

"हात धुतलेस का?" आजींनी विचारलं. नातवाने ऐकू न आल्यासारखं करून पहिला घास उचलला.

दिवसभर परक्यांच्या तोंडात बोटं घालायची आणि घरी येऊन त्याच बोटांनी जेवायचं! म्हणे हातमोजे असतात. त्या मोज्यांचा रबरी वासही आजींना सहन व्हायचा नाही. आणि तोंडात घास असताना हा पू, किडलेली मुळं, सडक्या हिरड्या असं सगळं चवीने सांगायचा.

"दातांचा डॉक्टर होणारेय तो, आई. सवय करा," सून म्हणायची.

सवयच केली होती त्यांनी. चार महिन्यांपूर्वी उजव्या गालात कळ आली, तेव्हा घरचा डॉक्टर असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं, म्हणून त्या याच्याच कॉलेजात गेल्या. ठरावीक संख्येने दात काढून दाखवल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, हेही त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. रांगेतल्या चार बायकांना "माझा नातू आहे" असं सांगून त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"कुठला दात, आजी?"

"दात नाही रे, गाल. तोंड धुताना हात लागला की वीज पडल्यासारखं होतं. पंख्याचा वारा सोसत नाही."

त्याने कागद पुढे धरला. त्यावर नुसत्या दातांची चित्रं आणि आकडे.

"गालाला नंबर नसतो, आजी. सोळा की सतरा, बोट ठेव."

त्यांनी बोट ठेवलं. लांबून कुणा सरांनी मान हलवली. सोळा गेला, कळ राहिली. पुढच्या महिन्यात सतरा गेला, तरी कळ राहिली. आता पंधराची पाळी होती, उद्या सकाळी दहाला. चार महिने आजी ओल्या फडक्याने अर्धंच तोंड पुसत होत्या. घरात कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"थांब, गंमत दाखवतो," म्हणत नातू जेवता जेवता उठला आणि खोलीतून एक बाटली आणून त्याने मिठाच्या डबीशेजारी ठेवली. पाण्यात दोन दाढा होत्या, एकीला मधोमध भोक पाडलेलं.

"तुझ्याच आहेत! प्रॅक्टिसला घेतल्या. सर म्हणाले, इतक्या निरोगी दाढा आणल्यास कुठून? कीड नाही, भेग नाही. पोरं जळतायत माझ्यावर."

"शी! जेवणाच्या टेबलावर?" सून हसत ओरडली.

आजींनी बाटली उजेडात धरली.

"निरोगी?"

"एकदम."

"मग उपटल्यास कशाला?"

नातवाचा हात ताटावरच थांबला. "तूच बोट ठेवलंस ना…"

"तू आकडा मागितलास म्हणून. मी गाल म्हणाले होते."

त्याने ताट बाजूला सरकवलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "चेहऱ्याची एक नस असते, आजी. ती बिघडली की नुसत्या वाऱ्यानेही कळ येते, आणि दातच दुखतोय असं वाटतं. दुसऱ्या वर्षाला होतं आम्हाला."

"मग?"

"पाच मार्कांना येतं. मी सोडून दिलं होतं."

सुनेचं हसू मावळलं. आजींनी बाटलीचं झाकण घट्ट पिळलं आणि ती मुठीत घेऊन त्या उठल्या. वरून पंख्याचा झोत आला तसा त्यांनी उजवा गाल तळहाताने झाकला.

"उद्या मी यायची नाही," त्या म्हणाल्या. "तुला माझं दुखणं नको होतं, दात हवे होते. मिळाले. आता ऊठ, आणि हात धू. साबण लावून धू."