खिडकीला लावलेले उडदाचे पीठ

उस्मानपुऱ्यातील आमच्या घराची पुढची खोली माझी आहे. तिला उत्तरेकडे खिडकी आहे, खिडकीशी माझी खुर्ची आहे आणि त्या खुर्चीतून गल्लीचे व्यवहार चालतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पाण्याचा टँकर आधी कोणाच्या दारी थांबतो, भाजीवाला फकिरा कोणत्या घरी कशी वांगी देतो, तुळशीच्या लग्नाचा मांडव कोठे पडतो, या गोष्टी कोणीतरी पाहाव्या लागतात. त्या मी पाहते.

यंदा भाऊबीज उरकताच माझा मुलगा सोमनाथ माझ्या खोलीत येऊन उभा राहिला. तो सहज आला तर बसतो. उभा राहिला म्हणजे काहीतरी ठरवून आलेला असतो.

"आई, मागच्या हिवाळ्यात तुझा खोकला होळीपर्यंत गेला नाही. ही खिडकी वारा घेते. आता तू मागच्या खोलीत यायचं. पलंग, खुर्ची, सगळं हलवू."

मागच्या खोलीलाही खिडकी आहे, पण ती शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडते. त्या भिंतीवर मी या घरात आल्यापासून काहीही घडलेले नाही.

"वारा येतो, कारण सागवानी खिडकी काढून तू ही सरकत्या काचांची बसवलीस," मी म्हणाले. "दौलताबादकडून निघालेला वारा कोठेही न थांबता थेट माझ्या उशीवर येतो."

"तेच म्हणतोय ना मी."

"आणि फटी बुजवल्या तर?"

सोमनाथने बायकोकडे पाहिले. माझी सून दीपमाला दाराशी शेंगा सोलत उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाईंना एक संधी द्या की. रविवारी उदबत्ती फिरवून बघा. धूर हलला तर मागची खोली, नाय हलला तर हीच."

दीपमाला माझ्या बाजूने बोलली की स्वतःच्या, हे मला अजून कळलेले नाही. परंतु अट मला मान्य होती. वारा आत आला तर खुर्ची जाणार आणि खुर्ची गेली तर गल्ली जाणार, एवढे मला स्वच्छ दिसत होते.

सोमनाथने फोनवरून स्पंजाची चिकटपट्टी मागवली. ती दिवसभर खिडकीला राहिली आणि संध्याकाळी आपण होऊन माझ्या पांघरुणावर येऊन पडली. परक्या वस्तूचा भरवसा धरला, हे चुकलेच. मग मी स्वयंपाकघरात जाऊन विचार केला, की आपल्या घरात सर्वांत घट्ट, सर्वांत चिवट आणि वाळल्यावर सर्वांत कडक असे काय आहे? उत्तर डब्यातच होते. पापडाचे उडदाचे पीठ.

माझ्या पापडांबद्दल मी काही बोलत नाही. गंगापूरपर्यंत लोक बोलतात.

शनिवारी दुपारी मी पीठ भिजवले, पापडखार घातला म्हणजे मुंग्या लागणार नाहीत, तेल कमी ठेवले म्हणजे ते चिकटून राहील आणि दीपमालाला बत्ता देऊन अंगणात कुटायला बसवले. मीठ, हिंग, मिरे घालण्याचे कारण नव्हते. खिडकीला चव नसते.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातून गेली. आमच्याकडे पापड उन्हाळ्यात होतात. कार्तिकात बत्त्याचा आवाज आला तर त्याचा अर्थ एकच लागतो, या घरी लग्न निघाले. थोड्याच वेळात समोरची वच्छला हातात पोळपाट-लाटणे घेऊन फाटकातून आत आली. तिच्या मागे निम्मी गल्ली होती.

"अक्का, अमृताचं जमलं अन् आमाला पत्ता बी नाय?" वच्छला म्हणाली. अमृता माझी नात. ती पुण्याला शिकते आणि लग्नाचे नाव काढले तर फोन ठेवते.

"कोणाचेही जमलेले नाही."

"मंग हे काय चाललंय? लपवता व्हय आमच्यापासून?" असे म्हणत तिने पिठाचा गोळा तोडला, तेलात बुडवला आणि तोंडात टाकला. पापडाची लाटी कच्ची खाल्ल्याशिवाय कोणतीही बाई लाटायला बसत नाही. बाकीच्यांनीही खाल्ली.

वच्छला बराच वेळ चावत राहिली. तिच्या चेहऱ्यावर प्रथम शंका, नंतर दुःख आणि शेवटी माझ्याविषयी दया उमटली. ती दया मला सहन झाली नाही.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "मीठ इसरल्या का वं?"

"हिंग बी नाय," मागून सुरेखा पुटपुटली. ती दोन घरे सोडून राहते आणि तिला पुटपुटता येत नाही. सगळ्यांना ऐकू जाते. "वय झालं की असंच व्हतं. माझी सासू चहात मीठ टाकायची."

आता माझ्यापुढे दोनच मार्ग होते. पापड बिघडले असे मानू द्यावे किंवा सत्य सांगावे. मी सत्य सांगितले.

"हे पीठ खिडकीसाठी आहे."

वच्छलाने चावणे थांबवले. "खिडकी पापड खाती व्हय?"

"खिडकीच्या फटी बुजवायच्या आहेत. आता आलाच आहात तर उठा. लाटणी बाजूला ठेवा आणि करंगळीएवढ्या जाड वळकट्या वळा. सुरेखा, तू पुटपुटत वळलीस तरी चालेल."

हसू बरेच झाले, पण काम चोख झाले. चौकटीच्या चारी बाजू, दोन काचांमधली फट, खालची पन्हळ, सर्वत्र बायकांनी पीठ दाबून बसवले आणि ओल्या बोटांनी गुळगुळीत केले. वच्छला वरच्या कोपऱ्यासाठी माझ्याच खुर्चीवर चढली. तेवढे मी त्या दिवशी चालवून घेतले.

रविवारी सोमनाथने पंखा बंद केला, दार लावले आणि उदबत्ती घेऊन चौकटीभोवती इतका सावकाश फिरला की खिडकीची आरती चालल्यासारखे वाटले. धूर सरळ वर गेला. खालच्या कोपऱ्यात त्याने उदबत्ती पुष्कळ वेळ धरली. तेथेही सरळच गेला.

"जिंकलीस," तो म्हणाला.

"ते मला उदबत्ती लावण्यापूर्वीच ठाऊक होते."

सोमवारी सकाळी मी शाल घेऊन खुर्चीत बसले. खोली उबदार होती. गल्लीत कसलाही आवाज नव्हता, म्हणून प्रथम मला वाटले की आज सुट्टी असावी. मग फकिरा दिसला. त्याचे तोंड पूर्ण उघडले होते, म्हणजे तो ओरडत होता. मला मात्र काहीच ऐकू येत नव्हते. तो दीपमालाच्या पिशवीत जून वांगी टाकत होता. मी काचेवर टकटक केली. फकिराने वर पाहून दोन्ही हात जोडले. मी जोराने टकटक केली. त्याने डोक्याची टोपी काढून पुन्हा नमस्कार केला आणि आणखी एक जून वांगे टाकले.

हेही मी सोसले असते. परंतु थोड्या वेळाने वच्छला, सुरेखा आणि इतर बायका रस्त्याच्या मधोमध जमल्या. तुळशीचे लग्न दोन दिवसांवर आले होते. त्याचा मांडव दर वर्षी माझ्या खिडकीसमोर पडतो आणि अंतरपाट माझ्या खुणेशिवाय दूर होत नाही. वच्छला हात लांब करून स्वतःच्या फाटकाकडे दाखवत होती. बायका माना हलवत होत्या. मी काच वाजवली. वच्छलाने माझ्याकडे पाहिले, प्रेमाने हसली, दोन्ही हात छातीशी घेऊन "ऊब आहे ना?" अशी खूण केली आणि पुन्हा आपल्या फाटकाकडे वळली. सुरेखाने तर तळहात गालाला लावून मला झोपायला सांगितले.

दारात जाऊन विचारता आले असते, असे कोणी म्हणेल. त्यांनी खिडकीखाली येऊन मला विचारायचे असते. मी दारात जाऊन विचारले तर तो अर्ज होतो.

मी काच सरकवू लागले. काच हलेना.

"सोमनाथ! ही खिडकी उघड."

"आई, परवाच तर बुजवली."

"परवा माझे मत निराळे होते."

त्याने पेचकस घातला, पेचकसाचे टोक वाकले. पिठाचा कण निघाला नाही. मला त्या क्षणी अभिमान वाटावा की राग यावा, हे ठरवता आले नाही. शेवटी दीपमालाने पातेलेभर पाणी गरम केले, फडकी भिजवून पन्हळीवर दाबून धरली आणि पीठ मऊ पडताच उलथन्याने खरवडून काढले. काच वीतभर सरकली तेव्हा थंड वारा आणि गल्लीचा सगळा गलका एकदमच आत आला.

"वच्छला! मांडव कोठे घालते आहेस?"

गल्ली जागच्या जागी थांबली.

"अवं अक्का, तुमची खिडकी बुजवली ना," वच्छला खिडकीखाली येत म्हणाली. "तुमाला मंगलाष्टकं ऐकू यायची नायत, मंग हितं मांडव घालून कुणाला दाखवायचा? म्हनलं तुमाला निजू द्यावं."

"मी निजलेले नाही. मांडव इथेच पडेल."

"पन खिडकी उघडली म्हंजी सोमनाथ तुमाला मागं नेनार. समद्या गल्लीला म्हाईत हाय."

बायका सोमनाथकडे पाहू लागल्या. सोमनाथ माझ्याकडे पाहू लागला. माझ्या घशात खवखव सुरू झाली होती आणि ती दाबून धरायला बरेच कष्ट पडत होते. मी पाठ ताठ केली.

"माझा पलंग आजच मागच्या खोलीत जाईल," मी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. "रात्री या गल्लीत कुत्र्यांशिवाय कोणी काही करत नाही. खुर्ची इथेच राहील. सूर्य वर आला की खिडकी उघडेल, मावळला की बंद होईल."

"आई," सोमनाथ म्हणाला, "पलंग मागं न्यायचा, हे तर मी पहिल्याच दिवशी…"

"तू खुर्चीही म्हणाला होतास. ते मी रद्द केले."

तो हसला आणि पलंगाचे एक टोक उचलायला गेला. तेवढ्यात मला खोकला आलाच. दीपमाला मफलर घेऊन आली आणि माझ्या डोक्याभोवती गुंडाळू लागली.

"गळ्याला बांध," मी तिला सांगितले. "कान मोकळे ठेव. वच्छला अजून बोलते आहे."