कमरेच्या हाडातली दाई

मी एक जुनी भक्षकपेशी आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. खादाड म्हणवून घ्यायची मला सवय आहे. धुलाईखान्यात इस्त्री करणाऱ्या एका बाईच्या कमरेच्या हाडात, अस्थिमज्जेत माझा संसार होता. लाल रक्तपेशींची पिल्लं मला चहूबाजूंनी बिलगून वाढत. म्हाताऱ्या रक्तपेशी गिळून त्यांच्यातलं लोह मी या पिल्लांना पुरवत असे. रक्तात उतरण्याआधी ती आपलं केंद्रक बाहेर टाकत, तेही मीच गिळून टाकी. कौतुक मात्र सगळं त्यांच्या लाल रंगाचं.

मग बाईच्या पायाला जखम झाली. ओल्या फरशीवर दिवसभर उभं राहून ती चिघळली, महिनोन्‌महिने भरेना. जंतूंच्या हाती लोह लागू नये म्हणून यकृताने हुकूम सोडला आणि आम्ही लोह आत कोंडून दारं लावून घेतली. माझी पिल्लं माझ्याच अंगाशी उपाशी राहिली, खुरटली. मी त्यांना काही दिलं नाही.

बाईला धाप लागू लागली. मुकादमाने चारचौघांत तिला कामचुकार ठरवलं. रक्त कमी म्हणून डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनीही गुण येईना, तेव्हा तिची मोठी जाऊ त्यांच्यासमोरच म्हणाली, "गोळ्या मोरीत टाकत असेल. हिची सोंगं मला पाठ आहेत."

"एकही चुकवली नाही," बाई खाली बघत म्हणाली.

जाऊ नुसतीच हसली.

शेवटी हाडात सुई घातली गेली आणि तिच्यातून मी बाहेर आले. काचपट्टीवर रंग ओतल्यावर माझ्यातलं लोह निळंशार दिसू लागलं. डॉक्टरीणबाईंनी जावेलाच सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "हे निळं सगळं लोह. जखमेपायी कोंडून पडलंय. त्या खोटं बोलत नव्हत्या."

जाऊ बराच वेळ वाकून बघत राहिली. माफी तिने मागितली नाही. "जखम रोज धुवायची ना?" एवढंच विचारलं, आणि औषधांची चिठ्ठी स्वतःच उचलली.

जखम भरली आणि चार महिन्यांनी बाई न थांबता जिना चढून आली, असं डॉक्टरीणबाई शिकाऊ मुलींना मला दाखवताना सांगतात. धुलाईखान्यातली तिची जागा तोवर दुसरीला दिली होती.

मित्रांनो, दमलेल्या माणसाला ढोंगी म्हणण्याआधी त्याला बसायला सांगा, आणि कुठे दुखतंय ते विचारा.