ठरावाच्या विरोधात दोन हात

माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष कल्लप्पा सुभेदार सकाळीच जुळे सोलापुरातल्या महेश्वरीच्या फ्लॅटवर आला. चहालाही थांबला नाही. कागद टेबलावर आपटून म्हणाला, "सही कर."

एका खासदाराने माजी सैनिकांच्या मानसिक उपचारांसाठी विधेयक मांडलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यात मनाचे डॉक्टर नेमायचे, आणि घरच्या माणसांनाही मदत मागता यावी, असं त्यात होतं. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला रविवारी संघटनेच्या सभेला खासदाराच्या वतीने एक वकीलबाई येणार होत्या. कल्लप्पाने आणलेला ठराव विधेयकाच्या विरोधातला होता, आणि त्यावर त्याला घरच्या बायकांच्याही सह्या हव्या होत्या.

"आपली माणसं येडी न्हाईत," तो म्हणाला. "कायदा झाला की समद्यांच्या कपाळावर शिक्का बसंल."

महेश्वरीने नवऱ्याकडे पाहिलं. चन्नवीर फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झाला होता आणि आता परवान्याची बंदूक घेऊन एका बँकेच्या दारात उभा राहायचा. कल्लप्पा त्याचा थोरला चुलतभाऊ. मान वर न करता तो म्हणाला, "अण्णा सांगत्यात की. कर सही."

"मी करणार न्हाय."

"नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडायची हाय व्हय?" कल्लप्पाने कागद उचलला. "रविवारी ये. पर मागं बसायचं आन् गप बसायचं."

कल्लप्पाला सगळं ठाऊक होतं, याचाच तिला जास्त संताप येत होता. गेल्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचं शोभेचं दारूकाम सुरू झालं आणि पहिल्याच आवाजाला चन्नवीरने नऊ वर्षांच्या लेकीला ओढून पलंगाखाली घातलं, तिच्यावर स्वतः आडवा पडला. आवाज थांबले तरी तो उठेना. "हलू नको, हलू नको," एवढंच पुटपुटत होता. पोरीचं कोपर मोडलं होतं. दवाखान्यात कल्लप्पानेच डॉक्टरांना सांगितलं, झोपाळ्यावरून पडली. पुढे महेश्वरीने नवऱ्याला कसंबसं पुण्याच्या लष्करी इस्पितळापर्यंत नेलं. रांगेत ओळखीचा माणूस दिसला, तसा तो दारातूनच माघारी फिरला.

रविवारी विजापूर रोडवरचं मंगल कार्यालय भरलं होतं. कल्लप्पाने ठराव वाचला, टाळ्या पडल्या. वकीलबाईंनी विचारलं, "घरच्या बायकांपैकी कुणाला बोलायचंय?"

"त्यांचं म्हणणं आमीच मांडलंय," कल्लप्पा म्हणाला.

महेश्वरी उठून उभी राहिली.

"माझ्या लेकीचा हात झोपाळ्यावरून पडून मोडला न्हाय," ती म्हणाली. "तिचा बाप तिला वाचवायला गेला, त्यात मोडला. तो वाईट माणूस न्हाय. त्येला हितं, सोलापुरात डॉक्टर पायजे."

सभागृह उसळलं. "बसवा तिला!" कुणी ओरडलं, "नवऱ्याला येडं ठरवून घर कुणाच्या नावावर करायचं हाय?" चन्नवीर खुर्ची ढकलून उठला. "सुम्म कूडु!" तो गरजला. गप बस, असं तो घरात कानडीत म्हणायचा. चारचौघांत आज पहिल्यांदाच म्हणाला. आणि तिच्याकडे न बघता बाहेर निघून गेला.

ठराव मताला टाकला. विरोधात महेश्वरीने हात वर केला. तिच्यामागे मंद्रूपच्या केराबाईनेही केला. तिचा फौजी नवरा चार वर्षांपूर्वी विहिरीत पडून गेला, असं सगळे सांगत.

"पडला न्हाय तो," केराबाई एवढंच म्हणाली आणि हात तसाच वर धरून उभी राहिली. वकीलबाईंनी दोघींची नावं लिहून घेतली. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला.

आठवड्याच्या आत बँकेपर्यंत आणि पोलिसांपर्यंत बातमी गेली. डॉक्टरी तपासणी होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा, असं पोलिसांचं पत्र आलं; बंदूक नाही म्हणून बँकेने कामावरून काढलं. चन्नवीरने ते पत्र तिच्या अंगावर फेकलं.

"झालं समाधान? डॉक्टर आला न्हाय, नोकरी गेली. ह्येच सांगत होते अण्णा."

ते खरं होतं. तीन दिवस ती स्वतःवरच चिडून होती. चौथ्या दिवशी मंद्रूपला गेली. केराबाईच्या ओट्यावर बसून दोघींनी वकीलबाईंना पत्र लिहिलं: उपचार घेतला म्हणून कुणाची नोकरी जाता कामा नये, असं कलम विधेयकात घाला, ते नसेल तर एकही माणूस डॉक्टरकडे जाणार नाही.

घरी आल्यावर तिने पत्र चन्नवीरसमोर ठेवलं. त्याने वाचलं. परत वाचलं. चेहऱ्यावरचा राग तसूभर हलला नाही.

"परवान्याचं बी घाला," तो म्हणाला. "परवाना आधी काढून घेत्यात. नोकरी मागनं जाती."

"तुमीच ल्ह्या की."

त्याने पेन हिसकावून घेतलं आणि उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या. सही मात्र केली नाही. "माझं नाव कुटं घालू नको," एवढं बजावून तो आतल्या खोलीत गेला आणि दार आपटलं.

महेश्वरीने त्याच्या ओळींखाली आपली सही केली, पत्र पाकिटात घातलं आणि पोस्ट बंद व्हायच्या आत पोचायला म्हणून रिक्षा पकडली.