पाव्हण्यांना बोअरचं पाणी

मी लातूरच्या आनंदराज काकांच्या बैठकीतली काचेची टाकी बोलतेय. जरा दम धरा, आज इतकं सांगायचंय की कुठून सुरू करू तेच कळेना! चार फूट लांब, दीड फूट उंच, दोनशे लिटर पाणी पोटात, आणि त्या पाण्यात आज सकाळी काय घडलंय म्हणता! पण ते शेवटी. आधी माझी सगळी हकीकत ऐकायची, मधूनच उठून जायचं नाही.

माझा जन्म नांदेडचा. सुदर्शन नावाच्या माणसानं पाच काचा कापल्या, कडा घासल्या, सिलिकॉननं जोडल्या आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मग पाणी भरून कोपरा न् कोपरा बोटानं चाचपला. एक थेंब गळला नाही. तेव्हापासूनच मी जरा ताठ्यात असते, खोटं कशाला बोलू.

तिथून आले लातूरच्या एका मोबाईलच्या दुकानात. दुकानदार भारी हौशी आणि तितकाच उतावळा. सकाळी पाणी भरलं, दुपारी गोल्डफिश सोडले, आठव्या दिवशी मासे उलटे. पुन्हा आणले, पुन्हा तेच. मग तो म्हणाला, "ही टाकी पनवती हाय. हिच्यात जीव टिकत न्हाई." झालं! माझ्यात मोबाईलची कव्हरं आणि चार्जरच्या वायरी भरल्या. दोन वर्षं येणारं-जाणारं गिऱ्हाईक माझ्या पोटात हात घालून उचकापाचक करायचं. त्याचं काही वाटलं नाही, पण तो पनवती शब्द मला लई लागला.

आनंदराज काका तिथं मोबाईलचं कव्हर घ्यायला आले आणि मलाच घेऊन गेले. काका नुकते रिटायर झालेले. तीस वर्षं गल्लोगल्ली व्हॉल्व्ह फिरवून नळाला पाणी सोडायचं काम केलं. पाणी उशिरा आलं की शिव्या काकांना, कमी आलं तरी काकांनाच. आता घरात बसून करमेना. दिवसातून दहादा फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे.

रेणुकाकाकूंनी मला दारात बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "माणसाला आठ-आठ दिवस नळ येत न्हाई, अन् तुमी ही टाकी आणलाव?"

"बोअरला पाणी हाय की. अन् काढलेलं पाणी तुझ्या झाडांला घालीन."

"दुकानात हिला पनवती म्हणत्यात म्हणं. एक सांगून ठेवते, हिच्यात मासे मेले की ही भंगारात जाणार. मला घरात रोज मयत नको."

मला तर आतून-बाहेरून घामच फुटला.

मला घडवणारा सुदर्शन काकांच्या ओळखीतलाच निघाला. काकांनी त्याला फोन लावला, स्पीकरवर. जय भीम झाला, तब्येत विचारून झाली. मग सुदर्शन सुटलाच, "काका, आफ्रिकेच्या तळ्यातले सिक्लिड मासे घ्या! असे रंग की बघत बसाल. त्यांना जड पाणी लागतंय, क्षाराचं."

"आमच्या बोअरच्या पाण्यानं नळाला पांढरा थर बसतोय बघ."

"मग चालंल की! पण घाई करू नका. महिनाभर माशाबिगर टाकी चालवा. रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजलं की फिल्टरात कामाचे जंतू धरतात, तेच पुढं माशांची घाण पचवतात."

अगं बाई! म्हणजे ते गोल्डफिश त्या उतावळ्यानं मारले होते, मी नव्हे! मला नाचावंसं वाटलं, पण पोटात तेव्हा नुसती हवा होती.

मग काय धांदल! लोखंडी स्टँड आलं, त्यावर फळी, फळीवर थर्माकोल. चाकूरच्या साडूच्या शेतातून काळे दगड आले. काकूंनी कुरकुरत का होईना, एकेक दगड ब्रशनं घासून दिला. दगड आधी तळाशी रचले आणि वाळू नंतर पसरली, कारण हे मासे उकरत बसतात आणि वाळूवर ठेवलेला दगड ढासळतो. बोअरचं पाणी भरलं, फिल्टर घुमू लागला. महिनाभर मी अशी भरलेली आणि रिकामी! शेजारच्या चतुराबाई रोज डोकवायच्या. "मासे कुठायत?"

"ह्यांनी सध्या पाणी पाळलंय," काकू म्हणायच्या.

आणि एकदाचे ते आले! काका नांदेडहून एसटीनं, मांडीवर पिशव्या घेऊन. बारा मासे, सहा पिवळे, सहा निळे. "बारा कशाला?" काकूंनी विचारलं. "चारच ठेवले तर त्यातला एक दादा होतो अन् बाकीच्यांला मारतोय. गर्दीत त्याचं काही चालत न्हाई." पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग मासे हळूच सोडले. माझ्या अंगातून गुदगुल्या गेल्या हो! कुणी दगडात शिरतंय, कुणी वाळू तोंडात भरून फूऽ करून फेकतंय. काकांचं फाटकापर्यंत जाणंच बंद झालं.

पुढच्या रविवारी काकांनी बरंच पाणी काढलं आणि काकू बाजारात गेल्याचं बघून प्यायच्या पाण्याचे चार जार माझ्यात ओतले. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी चार. मला वाटलं, वा, काय थाट! पण मासे फिकट पडले, पंख मिटून तळाशी बसले. दोन निळे गेले. मला तो जुना शब्द पुन्हा ऐकू यायला लागला. काकूंनी दारावरच्या भंगारवाल्याला सांगितलंसुद्धा, "पुढच्या महिन्यात ये. टाकी देते बहुतेक."

संध्याकाळी काकूंनी रिकामे जार मोजले. "आठ जारचं पाणी कुठं गेलं?"

काका मान खाली घालून म्हणाले, "अगं, एवढ्या लांबून आलेत. पाव्हण्यांना कुणी बोअरचं पाणी देतंय का?"

काकूंनी हातातला जार खाली ठेवला. मग त्यांनीच सुदर्शनला फोन लावला. तो ओरडला, "अवो काकू, जारच्या पाण्यातले क्षार गाळून टाकलेले असत्यात! बोअरचंच घाला. पण एकदम न्हाई, दगावतील. थेंब-थेंब."

काका ताडकन उठले. "थेंब-थेंब? ते मला नका सांगू!" स्टुलावर बादली, बादलीत बोअरचं पाणी, बारीक नळी आणि नळीला चिमटा. "व्हॉल्व्ह एकदम खोलला की लाईन फुटती," असं म्हणत दोन दिवस चिमटा केसभर इकडं, केसभर तिकडं. तीस वर्षांचा हात तो! तिसऱ्या दिवशी एका निळ्यानं पंख उघडले आणि शेजाऱ्याला ढुशी दिली. काका एवढे हसले की काकूंना चहा सांडेपर्यंत हसू आलं.

पंधरा दिवस बरे गेले, आणि एक पिवळी खायची बंद झाली. मला कारण माहीत होतं! माझ्या डोळ्यांदेखत तिनं सपाट दगडावर अंडी घातली आणि पटापट तोंडात घेतली. ही जातच तशी. पिल्लं तोंडात वाढवायची, तोवर अन्नाचा कण घ्यायचा नाही. पण मी सांगणार कशी? काचेला आवाज कुठला!

"गळा सुजलाय तिचा," चतुराबाई म्हणाल्या. "जाणार बघा ती."

भंगाराचं नाव काकूंनीच काढलं होतं, आणि आता रोज स्वयंपाक सोडून त्याच माझ्यापुढं बसायच्या. "खा की गं माय, एवढंसं खा." पिवळी तोंड मिटून बसायची. वीस दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. ती गेली असती तर मीही गेले असते.

आणि आज सकाळी, काकूंच्या समोर, पिवळीनं तोंड उघडलं. एक डोळेवाला ठिपका बाहेर आला. मग दुसरा. मग एकदम दहा-बारा!

"अवो, पळा! पिल्लं! हिच्या तोंडातून पिल्लं!" काका अर्धी दाढी केलेले धावत आले. निळा जवळ आला तशी पिवळीनं सगळी पिल्लं परत तोंडात घेतली आणि दगडात शिरली. काका-काकू एकमेकांचा हात धरून लहान पोरांसारखे उभे होते.

तेवढ्यात दारात हाक आली. भंगारवाला सरळ बैठकीत डोकावला. "काकू, ती काचेची टाकी देणार होताव न्हवं?"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल बाबा. घरात बाळंतीण हाय."

तर मंडळी, लातूरला आलात की जरूर या. दोनच गोष्टी सांभाळा. काचेवर टकटक करू नका, आणि मला तो जुना शब्द लावू नका. मी आता लेकुरवाळी आहे.