दोनशे अकरा नावांची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे आणि मी अजून कुणालाही माफ केलेले नाही. मनात राग धरू नये, असे तुम्हाला शिकवतात. ठीक आहे, तुम्ही धरू नका. माझी गोष्ट मात्र ऐका.

मी वेड्या बाभळीच्या लाकडाची. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या अलीकडे, सांता रीता नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेत १९५३ साली हेडमास्तर डनलेव्ही यांनी स्वतः रंधा मारून मला घडवले. एका टोकाला मूठ केली, आणि मारताना वारा अडू नये म्हणून मधोमध सहा भोके पाडली. त्यांना माझा फार अभिमान. पाहुणे आले की मला खुंटीवरून काढून दाखवत, आणि पाहुणे माझ्या गुळगुळीतपणाची स्तुती करत.

गावातली बहुतेक घरे स्पॅनिश बोलणारी. स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, फळांच्या बागांत तीच भाषा. शाळेच्या फाटकाच्या आत मात्र फक्त इंग्रजी, खेळाच्या मैदानावरसुद्धा. तोंडून एक शब्द निसटला की तीन फटके. फटके खाऊन झाले की त्याच मुलाने शाईने माझ्यावर आपले नाव लिहायचे, ही डनलेव्हींची पद्धत. नावही घरचे नव्हे, त्यांनी हजेरीपटावर ठेवलेले. एबरार्दो असेल तर ‘एडी’, रेफुहियो असेल तर ‘रूथ’.

एउलालियाचे नाव त्यांनी ‘लिली’ ठेवले होते. ती नऊ वर्षांची होती. निकानोर नावाचा एक लहान मुलगा त्या दिवशी पहिल्यांदाच शाळेत आला होता. त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तो रांगेत पाय आवळून उभा होता आणि काय होतेय ते त्याला कुणाला सांगता येत नव्हते. एउलालिया हळूच स्पॅनिशमध्ये म्हणाली, “संडास नळाच्या मागे आहे. पळ.”

“कुठल्या बाजूला?” त्याने विचारले.

दोघांनाही तीन तीन फटके बसले. पहिल्याच फटक्याला निकानोरची विजार ओली झाली. सगळी रांग पाहत होती. त्याला लिहिता येत नव्हते, म्हणून डनलेव्हींनी त्याच्याकडून माझ्यावर एक फुली काढून घेतली आणि शेजारी स्वतःच्या सुरेख अक्षरात ‘निक’ लिहिले. तो पुन्हा शाळेत आला नाही. मारणारा हात डनलेव्हींचा होता, पण त्या पोराच्या अंगाला लागले ते मी. हे मी विसरलेले नाही.

पुढे काळ बदलला. डनलेव्ही निवृत्त झाले, आणि मी कोठीत मोडक्या बाकांमागे जाऊन पडले. कितीतरी वर्षे माझ्यावर धूळ साचत होती. एक दिवस शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई खुर्ची शोधायला आली. ती एउलालिया होती. तिने मला ॲप्रनखाली लपवून घरी नेले. मला वाटले, आता चुलीत जाणार, आणि ते योग्यच झाले असते. पण तिने ओल्या फडक्याने मला हलकेच पुसले आणि एकेक नाव वाचले. एकूण दोनशे अकरा.

“बरं झालं मास्तर,” ती स्वतःशीच म्हणाली, “तुम्हीच लिहून घेतलंत.”

१९७६ साली डनलेव्ही शाळामंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले. पालकांना जाणारे प्रत्येक पत्र इंग्रजीतच जाईल आणि शाळेच्या कचेरीत स्पॅनिश चालणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. एउलालियाच्या स्वयंपाकघरात चर्चा सुरू झाली.

“त्यांच्यासमोर उभं कोण राहणार?” ओर्तेन्सियाने विचारले. ती एउलालियाची जिवाभावाची मैत्रीण.

“मी.”

“अगं, तू घेवडा शिजवतेस.”

“तेच तर. माझ्या हातचा घेवडा सगळ्या गावानं खाल्लाय. त्यांच्या हातचं काय खाल्लंय, ते या फळीवर आहे.”

मतदारयादीत स्पॅनिश बोलणारे फारच थोडे होते. माझ्यावरची नावे तर खोटी. पण कोणता एडी कोणाचा कोण, हे एउलालियाला तोंडपाठ होते. ओर्तेन्सियाच्या पिकअपमधून मला मांडीवर घेऊन ती तीन महिने दारोदार फिरली. दार उघडले की आधी मला पुढे करायची. मोठमोठी माणसे बोटाने आपले नाव शोधायची.

निकानोर फळांच्या पेट्या भरायच्या कारखान्यात होता. एउलालियाला तो लाडाने लाला म्हणायचा.

“लाला, मला वाचता येत नाही गं.”

“इंग्रजी येत नाही, स्पॅनिश येते की. चर्चमध्ये पुस्तक काय उलटं धरतोस? यंदा मतपत्रिका दोन्ही भाषांत आहे. कायदाच झालाय.”

“आणि तिथं कुणी हटकलं तर?”

“हटकू दे. मी बाहेरच उभी असेन.”

त्याने फुलीवर बोट ठेवले. “हा मी?”

“हा तू.”

त्याने नळाखाली हात धुतले आणि मतदार नोंदणीच्या अर्जावर आपले पूर्ण नाव लिहिले, स्पॅनिश रीतीने बापाचे आणि आईचे आडनाव धरून. त्याला बराच वेळ लागला.

मतदान शाळेतच होते. डनलेव्ही फाटकाबाहेर हसून हस्तांदोलन करत होते. मैदानावरच्या रांगेत कुणीतरी मोठ्या आवाजात स्पॅनिशमध्ये कांद्याचा भाव विचारला. दुसऱ्याने गुडघेदुखीचे सांगितले. मग सगळी रांगच बोलू लागली, कशाबद्दलही, मुद्दाम, खणखणीत. डनलेव्हींनी हात खिशात घातले. एउलालियाच्या पिशवीतून मी सगळे ऐकत होते, आणि तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

डनलेव्ही त्रेसष्ट मतांनी हरले आणि एउलालिया मंडळावर निवडून आली. एउलालियाने मला मंडळाच्या सभागृहात, लोकांच्या खुर्च्यांसमोर टांगले. खाली दोन भाषांत पाटी लावली. मला कोणी बनवले आणि कशासाठी वापरले, एवढेच तिच्यावर लिहिले होते.

पहिल्याच सभेनंतर डनलेव्ही तिच्याकडे आले.

“लिली, ती फळी माझी आहे.”

“एउलालिया. आणि फळी तुमचीच आहे. खाली तसंच लिहिलंय.”

“मी तुमच्या भल्यासाठी केलं ते. इंग्रजी आली म्हणून तू आज त्या खुर्चीत बसलीस.”

“इंग्रजी मी शिकलेच असते,” ती म्हणाली. “निकानोरही शिकला असता.”

त्यांनी आवाज खाली आणला. “माझी नातवंडं याच शाळेत आहेत. निदान नाव तरी झाक.”

“नाही झाकणार.”

ओर्तेन्सियासुद्धा म्हणाली, “म्हातारा झालाय बिचारा. सोड आता.” एउलालियाने निकानोरला बोलावले. तो टोपी हातात धरून माझ्यासमोर उभा राहिला. मग म्हणाला, “नाव राहू दे.”

आता डनलेव्ही नाहीत, एउलालियाही नाही. सभा दोन्ही भाषांत चालतात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. शाई फिकट झाली आहे. नवे सदस्य भले आहेत. मला पॉलिश करावे, पाटीवर नुसते ‘जुनी शालेय वस्तू’ लिहावे, असे त्यांच्या मनात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, हे खरे. माझ्यावरची धूळ पुसा. मला ओल आणि वाळवी लागू देऊ नका. पण पॉलिश करू नका. आणि कितीही दया आली तरी त्या पाटीवरचे डनलेव्हींचे नाव काढू नका.