पाप ओळखणारी हळद

नामपूरच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, उगाच तिथल्या पोरांची लग्नं अडायची. त्या दिवशी फकिराच्या कांदा चाळीसमोर एवढी गर्दी, की मुंग्यांनाही तिरपं चालावं लागलं. मधोमध पाण्याची पितळी परात, पाण्यावर हळदीचा थर आणि परातीमागे भंडारनाथ महाराज. महाराज मूळचे मनमाडचे. फलाटावर केस वाढवायचं तेल विकता विकता स्वतःचेच एवढे वाढले, की तेलापेक्षा अध्यात्म बरं, असा त्यांना साक्षात्कार झाला.

"हा भंडारा खंडेरायाचा!" महाराज गरजले. "खऱ्याच्या बोटाशी शांत बसतो, पाप्याच्या बोटापासून पळतो! पाप हुंगते ही हळद, बाळांनो!"

"येळकोट येळकोट!" बाळं ओरडली. त्यातली निम्मी साठीची होती.

बायडाबाईने कपाळाला हात लावला. ती तीस वर्षं गावच्या हायस्कुलात प्रयोगशाळेची शिपाईण होती. स्वतः सातवी नापास. पण काचेची भांडी विसळता विसळता विज्ञानाचे चार मास्तर तिने निवृत्तीला पोचवले होते आणि चौघांचे प्रयोग तिला तोंडपाठ होते. एरवी ती पोट धरून हसली असती. पण आज न्याय तिच्या शेजारणीचा, ठमाबाईचा होता.

फकिराच्या चाळीत साठवलेला कांदा सडला होता. सडणारच. माल ओला भरला, वर चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं. पण स्वतःच्या अकलेला सडकं कोण म्हणणार? विधवा ठमाबाईने करणी केली, असं त्याने ठोकून दिलं. तिचं घर नेमकं त्याच्या ट्रॅक्टरच्या वाटेत होतं, हा निव्वळ दैवी योगायोग. पूर्वी गावात बेलभंडार उचलून शपथ घेत. महाराजांनी त्यात पाणी घातलं. हळद पळाली, तर ठमाबाईने आजच्या आज गाव सोडायचं, असं पंचांनी ठरवलं.

आधी फकिरा. चेला महेश याने त्याच्या हातावर तांब्यातलं पाणी ओतलं. फकिराने बोट टेकवलं. हळद ढिम्म. "खरा माणूस!" महाराज म्हणाले. परातीत नवं पाणी, नवा भंडारा आला. ठमाबाईच्या हातावर मात्र महेशने कमंडलूतलं तीर्थ ओतलं.

"हिला तांब्यातलं का नाय?" बायडाबाईने विचारलं.

"आरोपीला तीर्थच लागतं, माते. शास्त्र आहे."

"कोणतं?"

"गुप्त."

ठमाबाईने बोट टेकवलं मात्र, सर्रकन हळद कडेला पळाली! मधे लख्ख पाणी. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"बघा! हिनंच चाळ खाल्ली!" फकिरा नाचला.

ठमाबाई स्वतःच्याच बोटाकडे बघत राहिली. "बायडे," ती पुटपुटली, "माझ्या मनात खरंच काय वाईट आलं आसंल का गं?"

बायडाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने ठमाबाईचा हात खेचला. बांगडीपाशी फेसाचे चार बुडबुडे. तिने हात हुंगला.

"महाराज, तुमचं तीर्थ डोई धुवायला लय भारी. रिठ्याचं पाणी हाय हे!"

"शापाने जळशील!"

"जळंन की. आधी हात धुते."

तिने ठमाबाईचा हात तीनदा धुतला, परात तीनदा विसळली. जुनी सवय. ताजं पाणी, ताजी हळद. "टेकव." हळद हलली नाही. मग कमंडलू उचलून ती महाराजांकडे वळली. महाराजांनी मूठ मिटली.

"संन्याशाच्या हाताला पाणी लावत नसतात."

"ते वासावरून कळतंयच."

गर्दीतून पहिलं हसू फुटलं. दोघा गड्यांनी महाराजांची मूठ सोडवली, बायडाबाईने तीर्थ ओतलं, बोट परातीत टेकवलं. हळद अशी पळाली, की बहुधा मनमाडची गाडी पकडायची असावी.

"आता कान इकडं करा," बायडाबाई म्हणाली. "पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरत्यात. त्यानं पाण्याचा वरचा पापुद्रा ढोलकीच्या कातड्यावानी ताणलेला ऱ्हातो. त्याच्यावर हळद तरंगती, पाणकिडा चालतो. रिठा नायतर साबण लागला, की तिथला ताण ढिला पडतो. भोवतालचं पाणी तसंच ताणलेलं. ते आपल्याकडं ओढतं, हळद त्याच्यासंगं जाती. रस्सीखेचीत एका बाजूनं दोर सोडल्यावर दुसरी बाजू मागं जाती ना, तसं! नववीच्या पोरांना दरसाल दाखवत्यात हे."

कुणीतरी पोलिसांना फोन लावला. महाराज आणि महेश यांच्याभोवती गड्यांनी कडं केलं.

"झालं गेलं," पंच खाकरले. "ठमाबाई, जा आता घरी."

ठमाबाई गेली नाही. परात विसळून, ताजं पाणी, ताजी हळद घालून ती तिथंच मांडी घालून बसली, कमंडलू मांडीवर घेतलं. "ज्यांनी मला पापी ठरवलं, त्यांनी एकेकानं या."

पंच आले. तिने हातावर तीर्थ ओतलं, त्यांच्या बोटापासून हळद पळाली. दर वेळी पाणी बदललं, तोंडाला पदर लावणाऱ्या बायका आल्या, हळद पळाली. फकिरा शेवटी आला. "चुकलो, वहिनी."

"बोट घाल."

त्याने घातलं. हळद पळाली.

"माझ्याआधी तुमच्यातल्या एकानं," ठमाबाई म्हणाली, "एकानं जरी या तीर्थानं हात धुऊन स्वतःचं बोट घातलं आसतं!"

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. चमत्कार दुसऱ्याच्या बोटावर मान्य करू नका. आधी आपलं घालून बघा.